लोखंडाच्या गर्दीत खोलवरची वस्तू शोधण्यासाठी मेटल डिटेक्टर कसा लावावा

मेटल डिटेक्टर नवा घेतलेल्या माणसाला हमखास दोन सल्ले मिळतात: सेन्सिटिव्हिटी शेवटच्या टोकापर्यंत न्यावी आणि लोखंडाचा आवाज पूर्ण बंद करून टाकावा. स्वच्छ वाळूत या सल्ल्यांनी फारसे बिघडत नाही. परंतु मुंबईतील किनाऱ्यांवर आणि जुन्या वाड्यांत होड्यांचे खिळे, सळयांचे तुकडे, गंजक्या तारा आणि बाटल्यांची पत्र्याची झाकणे वर्षानुवर्षे जिरत आलेली आहेत. तिथे नेमक्या याच दोन गोष्टींमुळे खोलवरची वस्तू कॉइलखालून (यंत्राच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या शोधचकतीखालून) निघून जाते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

खासगी जागेत मालकाची परवानगी घ्यावी. कान्हेरी किंवा घारापुरीसारख्या संरक्षित स्मारकांच्या परिसरात यंत्र नेऊच नये. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

यंत्र फॅक्टरी रिसेट करावे, हेडफोन लावावा, मोबाइल विमान मोडवर टाकावा. कॉइल शक्यतो लहान, डीडी प्रकारची (आत D आकाराची दोन वेटोळी असलेली) असावी. अकरा इंची कॉइल थोडी अधिक खोल पाहते हे खरे, पण एका वेळी चार खिळेही पोटात घेते. सहा इंची कॉइल त्यांच्यामधल्या फटीतून पाहू शकते. पल्स इंडक्शन यंत्र (कॉइलमधून विजेचे झटके सोडून त्यांचा प्रतिसाद ऐकणारे) खोल जाते म्हणून तेच घ्या, असे सांगणारे भेटतात. त्या प्रकारच्या यंत्राला लोखंड भरवशाने ओळखता येत नाही, त्यामुळे दिवसभर खिळे उकरण्याची हौस असेल तरच तो सल्ला मानावा.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजांचा संकेत यंत्राला बाजूला ठेवायला लावणे, मात्र घाईने उरकू नये. मुंबईचा पाया बेसाल्टचा आहे आणि त्या खडकातील चुंबकीय खनिजांचे कण वाळूत मिसळलेले असतात. पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यावर लोहचुंबक फिरवले की ते कण त्याला दाढीसारखे चिकटतात. जिथे एकही धातू वाजत नाही अशी हातभर जागा शोधावी आणि कॉइल जमिनीपासून पाच ते पंधरा सेंटिमीटरच्या दरम्यान वर-खाली हलवत, दोन्ही वेळी आवाज सारखा येईपर्यंत बॅलन्स साधावा. कोरड्या वाळूतून ओल्या वाळूत गेल्यावर तो पुन्हा साधावा. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारे यंत्र खारट ओल्या वाळूत बडबड करते. ते कोरड्या भागातच वापरलेले बरे.

सेन्सिटिव्हिटी वाढवत जावे आणि कॉइल स्थिर असतानाही यंत्र कुरकुरू लागले की दोन घरे मागे यावे. लहान वस्तू दुप्पट खोल गेली की तिच्याकडून परतणारा संकेत निम्मा होत नाही, तो साधारण 1/64 उरतो. म्हणून सेन्सिटिव्हिटीची शेवटची दोन घरे बोटभरही खोली देत नाहीत. गोंगाट तेवढा देतात, आणि त्या गोंगाटात खोलवरचा क्षीण आवाज ऐकूच येत नाही.

आता ज्या पायरीवर मी दोन वर्षे अडलो, तिच्याकडे वळतो. गोराईला माझ्या मामांच्या वाडीत जुन्या घराचा चौथरा आहे. घर उतरवले तेव्हा वासे आणि कौले लोकांनी नेली, पण खिळे मातीतच राहिले. मामेभावाचा लहानपणीचा चांदीचा वाळा त्या अंगणात हरवला होता. सलग दोन दिवाळ्या मी तिथे लोखंड बंद ठेवून फिरलो आणि यंत्र गप्प राहिले. मामा म्हणाले, "तुझ्या यंत्रापेक्षा आमची कोंबडी बरी, ती निदान उकरते तरी." तिसऱ्या वर्षी कॉइल उचलताना अंगठा चुकून ऑल मेटलच्या, म्हणजे सर्व धातू ऐकवणाऱ्या, बटणावर पडला. खिळ्यांच्या घरघरीचा नुसता पाऊस सुरू झाला आणि त्या घरघरीतून एक बारीक, उंच, तुटका स्वर दोनदा येऊन गेला. वाळा सुमारे अठरा सेंटिमीटरवर होता आणि त्याच्या वर, दोन्ही बाजूंना, एकेक खिळा होता. त्याच जागेवरून मी आधी किती वेळा गेलो असेन, हे मोजण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

झाले होते असे: लोखंड बंद केल्यावर यंत्र लोखंड पाहायचे सोडत नाही, ते फक्त आवाज दाबते. खिळ्याचा संकेत येताच ते क्षणभर गप्प होते, आणि खोलवरची चांदी त्याच क्षणात येऊन गेली तर तीही गप्प होते. शिवाय खनिजयुक्त मातीत खोल वस्तूचा आकडा (धातू ओळखण्यासाठी यंत्राच्या पडद्यावर दिसतो तो) घसरून लोखंडाच्या घरात जातो, त्यामुळे एकटी पडलेली चांगली वस्तूसुद्धा डिस्क्रिमिनेशनमध्ये, म्हणजे नको ते धातू गाळण्याच्या सेटिंगमध्ये, मारली जाते. सोन्याची लहान अंगठी मुळातच खालच्या आकड्यावर वाजते, तिचे तर विचारूच नये. म्हणून लोखंडाच्या जागेत डिस्क्रिमिनेशन पूर्ण उघडे ठेवावे, म्हणजे काहीही गाळू नये. लोखंडाला जाड, खालचा स्वर द्यावा, बाकी सर्व धातूंना उंच स्वर द्यावा आणि यंत्रात सोय असेल तर लोखंडाच्या स्वराचा आवाज कमी करावा. शून्य मात्र करू नये. पहिल्या तासाला डोके दुखते. नंतर कान ती घरघर लोकलच्या खडखडाटासारखी मागे टाकतो.

यानंतर रिकव्हरी स्पीड. एक संकेत संपवून दुसरा घेण्यास यंत्र किती लवकर तयार होते, ते ही सेटिंग ठरवते. ती मंद ठेवली की खोली थोडी वाढते, पण खिळा आणि त्याच्या शेजारचे नाणे एकाच आवाजात मिसळतात. जलद ठेवली की दोन आवाज वेगळे होतात आणि खोली थोडी घटते. "खोल शोधायचे तर रिकव्हरी कमी करा" हा सल्ला मोकळ्या वाळूसाठी बरोबर आणि लोखंडासाठी चुकीचा आहे, कारण खिळ्याआड पडलेले नाणे केवळ खोल नसते, ते झाकलेले असते. मी एक मीटर रुंदीचा एकच फेरा घेतो. त्यात लोखंड चारपेक्षा अधिक वेळा वाजले तर 1 ते 8 अशा मापावर 5 किंवा 6 ठेवतो. एक-दोनदाच वाजले तर 3 वर येतो. आणि कॉइल हळू फिरवतो, संशयाच्या जागी तर वीतभर टापूतच पुढे-मागे.

तिसरी सेटिंग आयर्न बायसची, आणि माझ्या मते सर्वांत घातकी हीच. संमिश्र संकेताला लोखंड ठरवायचे की नाही, हे ती ठरवते. ती वर ठेवली की यंत्र शांत, आटोपशीर वाटते. पण खिळा आणि चांदी मिळून जो संकेत येतो तो संमिश्रच असतो, आणि यंत्र त्याला खुशाल लोखंड म्हणून टाकते. 0 ते 9 या मापावर मी 1 किंवा 2 च्या वर जात नाही. त्यामुळे बाटल्यांची झाकणे आणि वायसर जास्त वेळा फसवतील. ते सोसावे.

या तिन्ही सेटिंग्ज घरूनच जुळवून येऊ नयेत. त्या जागेवर, नाणे पुरून जुळवाव्यात. प्रयोगासाठी भोकाचा पैसा किंवा तांब्याचे जुने नाणे घ्यावे. 1992 पासून निघालेले स्टीलचे एक रुपयाचे नाणे घेऊ नये, त्याला लोहचुंबक चिकटतो आणि यंत्रही गोंधळते. नाणे बारा ते पंधरा सेंटिमीटरवर पुरावे, त्याच्या बाजूला चार बोटांवर आणि त्याहून उथळ एक गंजलेली बिरंजी ठेवावी, मग एकेक सेटिंग बदलून चारही बाजूंनी कॉइल फिरवावी. एका वेळी दोन सेटिंग्ज बदलू नयेत. हा प्रयोग प्रत्यक्षापेक्षा सोपा असतो, कारण वर्षानुवर्षे पुरलेल्या खिळ्याचा गंज आजूबाजूच्या मातीत पसरून त्याची सावली मोठी करतो.

उंच स्वर आला की लगेच खणू नये. नव्वद अंशांत वळून तीच जागा पुन्हा पाहावी. खिळा एका दिशेने उंच स्वर देतो आणि वळल्यावर घरघरतो. चांगली वस्तू निदान एका बाजूने पुन्हापुन्हा तोच स्वर देते, मग तो तुटका का असेना. पिनपॉइंटने (वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या सोयीने) दाखवलेली जागा उंच स्वराच्या जागेपासून सरकलेली निघाली तर तो स्वर बहुधा खिळ्याच्या टोकाचा असतो. आकड्याकडे पाहूच नये. या खोलीवर तो खोटे बोलतो.

किनाऱ्यावर शोधायचे असेल तर खोली कमी करून देण्याचे काम समुद्रच करतो. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात आणि गणपतीच्या सुमारास खालचा घट्ट थर वर आलेला असतो. दिवाळीनंतर वाळू पुन्हा भरू लागते. वेळ कोळ्यांच्या जुन्या हिशेबाने काढावी: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे येते आणि पाणी सर्वांत दूर जाते.

खिळा निघाला म्हणून खड्डा लगेच बुजवू नये. त्याच खड्ड्यावर कॉइल पुन्हा फिरवावी, कारण खिळा गेल्यावरच त्याच्याखालची वस्तू पहिल्यांदा मोकळी वाजते. निघालेले लोखंड परत मातीत टाकू नये, सोबत डबा ठेवावा. मामांच्या चौथऱ्यावरचा माझा दुसरा डबा आता भरत आला आहे आणि पूर्वी जिथे मीटरभरात सात-आठ घरघरी यायच्या, तिथे आता रिकव्हरी 3 वर आणता येते.