फुल बॉडी वर्कआउट आखताय? या चुका टाळा

जिममध्ये नाव घातलं की बहुतेक ठिकाणी एकच चार्ट मिळतो. सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, मग शोल्डर, मग हात, आणि सगळ्यात शेवटी शनिवारी पाय. शनिवारी नेमकं कुणाचं तरी लग्न निघतं. काही महिन्यांत टी-शर्टच्या बाह्या जरा घट्ट होतात, मांड्या मात्र होत्या तशाच राहतात.

नवख्या माणसाने आठवड्यातून तीन दिवस अख्ख्या शरीराचा व्यायाम करावा, यामागचं कारण सरळ आहे. व्यायामाने स्नायूंच्या बांधणीला जो वेग येतो, तो साधारण एक-दोन दिवस टिकतो. सोमवारी छातीला पंधरा सेट (न थांबता केलेल्या आवर्तनांचा एक गट म्हणजे सेट) मारले तरी गुरुवार-शुक्रवारी छाती बसूनच असते. शिवाय स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), रो (वजन पोटाकडे ओढणं) यांसारखे व्यायाम शिकायला लागतात, आणि आठवड्यातून दोनदा-तीनदा हाताखालून गेलं तर ते लवकर बसतात. एखादा दिवस बुडाला तरी एखादा अवयव आठवडाभर उपाशी राहत नाही. हे काही नवीन खूळही नाही. १९४७ साली मिस्टर अमेरिका झालेला स्टीव्ह रीव्हज आठवड्यातून तीनदा पूर्ण शरीराचाच व्यायाम करायचा.

तरीही फुल बॉडी सुरू केलेले बरेच जण दीड-दोन महिन्यांत कंटाळून जुन्या चार्टवर परततात. त्यांचं गणित बहुधा आखणीतच चुकलेलं असतं.

सहा दिवसांचा चार्ट एका दिवसात कोंबणे

सगळ्यात मोठी चूक हीच. छातीचे दोन व्यायाम, पाठीचे तीन, खांद्याचे दोन, बायसेप, ट्रायसेप, फोअरआर्म, पोट, मांडीचे दोन, पोटरी अशी यादी चौदावर जाते. प्रत्येकी तीन सेट म्हणजे बेचाळीस. विश्रांती धरून एका सेटला तीन मिनिटं लावली तर दोन तासांच्या वर. पहिल्या आठवड्यात उत्साहात हे होतं. तिसऱ्या आठवड्यात शेवटचे सहा व्यायाम उरकले जातात, पाचव्यात माणूसच उगवत नाही.

स्नायूंची यादी बाजूला ठेवा आणि हालचाली मोजा. पायांनी उठणं-बसणं, कंबरेतून वाकून उठणं, हाताने पुढे किंवा वर ढकलणं, हाताने ओढणं. एवढ्यात शरीराचे सगळे मोठे स्नायू येतात. बेंच प्रेसमध्ये (बाकावर पडून बार वर ढकलणं) छातीबरोबर ट्रायसेप आणि पुढचा खांदा राबतोच, रो आणि लॅट पुलडाऊनमध्ये (वरचा बार छातीकडे खाली ओढणं) बायसेप राबतोच. त्यांच्यासाठी वेगळे चार-चार व्यायाम पहिले सहा महिने तरी लागत नाहीत.

सोयीसाठी दोन दिवस आखू. पहिल्या दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस, सीटेड रो यांचे तीन-तीन सेट, वर कर्लचे (कोपर दुमडून वजन उचलणं) दोन आणि प्लँकचे (कोपरांवर शरीर सरळ धरून ठेवणं) दोन. दुसऱ्या दिवशी रोमेनियन डेडलिफ्ट (हातात बार धरून कंबरेतून वाकून उठणं), डंबेल शोल्डर प्रेस, लॅट पुलडाऊन यांचे तीन-तीन, मग लंजेसचे (एक पाय पुढे टाकून खाली बसणं) दोन आणि जोर किंवा पुशअप्सचे दोन. सोमवार-बुधवार-शुक्रवार हे आळीपाळीने: एका आठवड्यात पहिला-दुसरा-पहिला, पुढच्यात दुसरा-पहिला-दुसरा. रोज तेराच सेट. पण आठवड्याची बेरीज करा. छातीला सात-आठ, मांडीच्या पुढच्या बाजूला तेवढेच, पाठीला नऊ. नवख्याला वाढायला हे भरपूर आहे. वॉर्मअप धरून तासाभरात बाहेर पडता.

कर्ल मुद्दाम ठेवलाय. गरज कमी, पण ज्याला बायसेप हवेत त्याच्याकडून ते पूर्ण काढून घेतले तर तो चार्टच सोडतो.

वही नाही, म्हणून वाढ नाही

स्नायू वाढवायचे तर कामाचा बोजा हळूहळू वाढला पाहिजे, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. मागच्या बुधवारी रो किती वजनावर, किती रेप्स (एका सेटमधली आवर्तनं) केले असं विचारा. दहापैकी नऊ जण वर बघतात.

वही किंवा फोनमधली नोंद, काहीही चालेल. व्यायाम, वजन, प्रत्येक सेटचे रेप्स. नियम साधा ठेवा: आठ ते बारा रेप्सचा पट्टा घ्या. तिन्ही सेटमध्ये व्यवस्थित बारा आले की पुढच्या वेळी वजन वाढवा. मग रेप्स आठ-नऊवर उतरतील, तिथून पुन्हा बारापर्यंत चढा.

इथे आपल्या जिममधली एक खास अडचण येते. अनेक ठिकाणी सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की थेट पाच किलो वाढतात. स्क्वॉटला ते पचतं. पण वीस किलोवर शोल्डर प्रेस करणाऱ्याला एकदम पंचवीस म्हणजे पाव पट जास्त. डंबेलमध्ये तर पाचनंतर साडेसात येतं, म्हणजे दीडपट. अशा वेळी वजन वाढवायची घाई नको. रेप्सचा पट्टा पंधरापर्यंत ताणा आणि मगच उडी मारा. पाचपासून तीसपर्यंत कुठल्याही रेप्सला स्नायू वाढतात, फक्त शेवटचे रेप्स खरोखर जड गेले पाहिजेत. सव्वा किलोच्या दोन प्लेट विकत घेऊन बॅगेत ठेवल्या तर आणखी उत्तम. लोक हसतील. हसू द्या.

रॉडची नोंदही करा. ‘साइडला दहा-दहा’ एवढं लिहून भागत नाही. ऑलिम्पिक बार वीस किलोचा असतो. त्याच रॅकवर पडलेले आखूड आणि वाकडे रॉड त्याहून बरेच हलके. स्मिथ मशीनचा (उभ्या खांबांमधून सरकणारा) बार तर प्रतिवजनामुळे जिमगणिक वेगळा लागतो. आज या रॉडवर, परवा त्या, असं केलं तर वहीतली प्रगती खोटी ठरते.

सेट लवकर सोडणे, नाहीतर रोज जीव काढणे

नवख्याला आपली सीमा कळत नाही. बहुतेक जण दहा हा आकडा आला म्हणून थांबतात, अंगात आणखी सहा रेप्स शिल्लक असतात. स्नायूला वाढायचं कारणच मिळत नाही. काही जण उलट टोकाला: प्रत्येक सेट हात थरथरेपर्यंत, शेवटचे चार रेप्स पार्टनरच्या हातांनी. मग पुढच्या व्यायामाला उरतंच काय? फुल बॉडीत हे जास्त नडतं, कारण स्क्वॉटमध्ये सगळं संपवलं की बेंच आणि रोचं काम निम्मं होतं.

एक ते तीन रेप्स शिल्लक असताना थांबायचं. तो अंदाज यावा म्हणून कधीतरी लॅट पुलडाऊन किंवा लेग प्रेससारख्या मशीनवर शेवटचा सेट अगदी हलेनासं होईपर्यंत करून बघा. वेग कुठे मंदावतो, ते एकदा कळलं की पुढे अंदाज बसतो. स्क्वॉट आणि बेंचवर हा प्रयोग एकट्याने करू नका.

सेटमधल्या विश्रांतीचंही तसंच. घाम यावा म्हणून तीस सेकंदांत पुन्हा बारखाली जाणारे दम वाढवतात, पण वजन पडतं. मोठ्या व्यायामांना दोन-तीन मिनिटं द्या. संध्याकाळी सातच्या गर्दीत एवढा वेळ बेंच अडवणं बरं दिसत नसेल तर उलट हालचालींची जोडी लावा: प्रेसचा सेट, मिनिटभर थांबून पुलडाऊनचा, पुन्हा प्रेस. वेळ वाचतो आणि दोन्हीकडच्या स्नायूंना विश्रांती मिळते. रॅक रिकामा मिळतच नसेल तर डंबेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॉट करा. पहिले दोन-तीन महिने तो बारबेलपेक्षा कमी नाही. उलट बसायची ढब त्याने लवकर सुधारते.

अंग दुखलं म्हणजे व्यायाम लागला, हा समज

स्नायूंचं दुखणं व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत शिगेला जातं. नवीन हालचाल केली की ते हमखास येतं, सवय झाली की कमी होतं. दुखणं थांबलं म्हणून दर आठवड्याला व्यायाम बदलणारे दर आठवड्याला नवखेच राहतात. आठ ते बारा आठवडे तेच व्यायाम ठेवा. पहिल्या महिन्यात वजनं भराभर चढतील पण आरशात फार फरक दिसणार नाही, कारण तेव्हा मुख्यतः मेंदू आणि नसा ते काम शिकत असतात. स्नायूंचा आकार मागाहून दिसतो.

पहिल्याच दिवशी मित्राच्या पैजेवर पाचशे बैठका मारण्याचा प्रकार मात्र खरोखर धोक्याचा. तालमीतले पैलवान तो आकडा लहानपणापासून चढत चढत गाठतात. सवय नसलेल्या शरीराने एकदम केलं तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. अंग कमालीचं सुजलं, लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

ताटातला घोळ

व्हेचा (दुधापासून केलेल्या प्रथिन पावडरचा) डबा आधी आणि जेवणाचा हिशेब नंतर, असा उलटा क्रम सर्रास दिसतो. स्नायू वाढवायचे तर दिवसाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. साठ किलोच्या माणसाला ९५-९६ ग्रॅम. वरण-भात-भाजी-पोळीच्या ताटात हे आपोआप येत नाही. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच्या वर फारसं काही नसतं.

पण शाकाहारी घरात ते अशक्यही नाही. पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स म्हणजे साधारण २६ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, शंभर ग्रॅम पनीर १८. हे साठ झाले. दोन्ही वेळची पोळी, वरण, मटकी-चवळीची एखादी घट्ट उसळ, वाटीभर दही यातून उरलेलं पस्तीसच्या आसपास निघतं. अंडी खात असाल तर एकामागे सहा ग्रॅम धरा, आणि पिवळं फेकू नका, चाळीसेक टक्के प्रथिन तर त्यातच असतं. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत पण त्याहून जास्त तेल आहे. मूठभर ठीक, त्यावर सगळी मदार नको. एवढं जमलं तर डब्याची गरज उरत नाही. नाहीच जमलं तर घ्या, मात्र डब्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक बघून.

बारीक माणसाचं दुखणं वेगळं. ‘मी खूप खातो, पण अंगी लागत नाही.’ आठवडाभर रोज सकाळी वजन करून सरासरी काढा. दोन आठवडे ती हललीच नाही तर खाणं कमीच पडतंय. दोन पोळ्या आणि दोन केळी वाढवायची. पोट सुटलेल्याने मात्र आहे तेवढ्याच जेवणात प्रथिनं वाढवावीत. सुरुवातीच्या काळात चरबी उतरताना स्नायूही वाढू शकतात. आधी तासभर ट्रेडमिल आणि मग वजनं हा क्रम तेवढा उलटा करा.

वजन अडलं, कुठे बघायचं?

सगळेच व्यायाम एकदम अडले असतील तर चार्टमध्ये दोष शोधू नका. झोप, जेवण, परीक्षा, ऑफिसातला मार्चअखेर, उपासाचे दिवस यातलं काहीतरी आहे. एकच व्यायाम अडला असेल तर तंत्र चुकतंय किंवा वजनाची उडी मोठी झालीय. त्याच व्यायामाचं वजन दहा टक्क्यांनी उतरवा आणि पुन्हा चढा. दोन-तीन आठवड्यांत बहुधा जुना आकडा ओलांडता.

दुखण्याचं निदानही असंच जागेवरून होतं. स्क्वॉटमध्ये टाचा उचलल्या जातात? टाचांखाली छोट्या प्लेट ठेवून बघा. घोटा ताठ असला की हे होतं. गुडघा बोटांच्या पुढे गेला म्हणून घाबरू नका, तो आत कोसळतोय का ते बघा. बेंचवर खांदा पुढून टोचत असेल तर कोपर अंगापासून नव्वद अंशांवर पसरलेली असतात. ती जरा अंगाकडे घ्या, खांदे मागे-खाली दाबून ठेवा. रोमेनियन डेडलिफ्टनंतर कंबर धरते, याचं नेहमीचं कारण म्हणजे बार मांडीपासून लांब जातो. तो पायाला घासतच खाली न्यायचा, आणि मांडीच्या मागे ताण आला की तिथेच थांबायचं, जमिनीला टेकवायची जिद्द नको. आपलं आपल्याला दिसत नाही, म्हणून बाजूने फोन लावून एक सेट शूट करा. सांध्यात टोचणारं किंवा पायात मुंग्या आणणारं दुखणं असेल तर तो व्यायाम तिथेच बंद करून डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

गणपती, दिवाळी, गावची जत्रा यात दोन-तीन आठवडे गेले तर शून्यापासून सुरू करायची गरज नसते. आधीच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास, प्रत्येक व्यायामाला एक सेट कमी करून पहिला आठवडा काढा. गेलेली ताकद मिळवलेल्या ताकदीपेक्षा लवकर परत येते. पहिल्याच दिवशी जुना आकडा गाठायला जाल तर आणखी चार दिवस जिना उतरता येणार नाही.

वजनं चांगलीच जड झाली, वॉर्मअपचेच सेट वाढले, तास पुरेनासा झाला आणि वहीत शेवटच्या दोन व्यायामांचे आकडे आठवड्यामागून आठवडे खाली यायला लागले, की मग आठवड्याचे चार दिवस करून दोन दिवस वरचं अंग, दोन दिवस पाय अशी विभागणी करा. बहुतेकांवर ही वेळ सहा महिने ते वर्षभराने येते.