निसर्गछायाचित्रणासाठी कमी गर्दीच्या जागा कशा शोधाव्यात

मे 2024 मध्ये जपानमधील फुजिकावागुचिको या गावाने एका दुकानासमोरच्या पदपथालगत सुमारे 2.5 मीटर उंच आणि 20 मीटर लांब काळी जाळी उभारली. त्या दुकानाच्या छपरावर फुजी पर्वत विराजमान झाल्यासारखा दिसतो, आणि नेमकी तीच चौकट टिपण्यासाठी लोक रस्ता अडवून उभे राहत असत. 3,776 मीटर उंचीचा हा पर्वत स्वच्छ हवेत 100 किलोमीटरवरूनही दिसतो. गर्दी मात्र एका पदपथावर होती. कमी गर्दीची जागा शोधणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. गर्दी क्वचितच एखाद्या संपूर्ण प्रदेशात असते. ती एका चौकटीभोवती आणि दिवसाच्या ठरावीक वेळी जमते.

स्टॉक छायाचित्रे, म्हणजे खरेदीदारांना वापरासाठी विकत घेता यावीत म्हणून ऑनलाइन संग्रहांत ठेवलेली छायाचित्रे, विकू इच्छिणाऱ्यांच्या वाट्याला मात्र आणखी एक गर्दी येते, ती म्हणजे संग्रहातली. पहाटे चार वाजता उठून, कोणीही पोहोचण्यापूर्वी, प्रसिद्ध कड्यावरून एकट्याने सूर्योदय टिपला, तरी तसाच सूर्योदय संग्रहांमध्ये हजारोंच्या संख्येने आधीच पडून असतो. जागेवरची गर्दी लवकर उठून टाळता येते, संग्रहातली गर्दी तशी टळत नाही. म्हणून शोधाची सुरुवात नकाशापासून न करता संग्रहापासून करावी, असे माझे मत आहे.

आधी संग्रह चाळावा

ज्या प्रदेशात जायचे आहे त्याचे नाव दोन-तीन मोठ्या संग्रहांच्या शोधपेटीत टाकावे आणि किती छायाचित्रे निघतात, त्यापेक्षा ती कोणत्या प्रकारची आहेत हे पाहावे. पहिली काही पाने पाहिल्यावरच साचा लक्षात येतो: तेच तळे, तोच किनारा, तोच ऋतू, तीच आडवी चौकट. मग काय नाही याची यादी करावी. त्या खोऱ्याचे पावसाळी रूप आहे का? उभ्या चौकटी किती आहेत? मजकूर बसवण्यासाठी एका बाजूला मोकळे आकाश किंवा सपाट पाणी सोडलेले चित्र आहे का? डोंगराकडे जाणारा रस्ता, पवनचक्क्या, सौर पॅनेलांची शेते, मिठागरे, धरणाच्या जलाशयाचा उघडा पडलेला तळ, वणव्यानंतर पुन्हा उगवणारे रान, असे विषय देखाव्यांच्या पुस्तकांत बसत नाहीत; पण हवामान, ऊर्जा, शेती आणि पाणी यांवर लिहिणाऱ्यांना ते लागतात. शिवाय अशा जागी पर्यटक फिरकत नाहीत, त्यामुळे दोन्ही गर्दी एकाच वेळी टळतात.

खरेदीदार पुष्कळदा ठिकाणाचे नाव शोधतच नाही. त्याला ‘धुक्यातली वाट’, ‘कोरडी नदी’, ‘वादळापूर्वीचे शेत’ हवे असते. या शोधांसाठी नावाजलेल्या जागेची काहीच गरज नसते. नाव गाजलेले नसलेला, पण प्रकाश आणि आकार नेटका असलेला साधा उतार तिथे पुरेसा ठरतो.

भूरूपाचा माग काढावा

प्रसिद्ध दृश्यामागे सहसा एखादे भूवैज्ञानिक कारण असते, आणि ते कारण जगात एकाच ठिकाणी घडलेले नसते. लाव्हा हळूहळू थंड होताना आकुंचन पावतो, त्याला भेगा पडतात आणि बहुधा षट्कोनी स्तंभ तयार होतात. उत्तर आयर्लंडमधला जायंट्स कॉजवे आणि आइसलँडमधला रेनिसफ्यारा किनारा यांमुळे हे स्तंभ जगाला माहीत झाले. पण आर्मेनियातल्या गार्नी दरीत आणि व्हिएतनामच्या गान्ह दा दिया किनाऱ्यावरही ते आहेत, आणि भूवैज्ञानिक नकाशांमध्ये बेसाल्टचे पट्टे शोधत गेल्यास नाव नसलेले कितीतरी कडे सापडतात. चुनखडीचे सुळके, मिठाची मैदाने, हिमनदीने कोरलेल्या यू आकाराच्या दऱ्या, नागमोडी नद्यांनी मागे सोडलेली अर्धचंद्राकृती तळी यांनाही हेच लागू आहे. ‘अमुक जागेसारखी जागा’ असे शोधल्यास पुन्हा पर्यटकांच्याच याद्या समोर येतात. खडकाचे किंवा भूरूपाचे नाव घालून शोधल्यास भूशास्त्राचे अहवाल, भटक्यांची टिपणे आणि स्थानिक नकाशे निघतात.

नकाशा, ऊन आणि उपग्रह

आता नकाशा उघडावा. छायाचित्रे नकाशावर दाखवणाऱ्या सेवांमध्ये आणि धावणाऱ्या-चालणाऱ्यांच्या वाटा रंगाने दाखवणाऱ्या उष्णता-नकाशांमध्ये गर्दीचे ठिपके स्पष्ट दिसतात. प्रत्येक ठिपक्याशेजारी वाहनतळ किंवा बसथांबा असतो, हेही दिसते. वाहनतळापासून अर्धा-पाऊण तास चालावे लागले की माणसे झपाट्याने विरळ होतात. चढ असेल तर त्याहूनही लवकर. म्हणून ठिपक्याभोवती दोन-तीन किलोमीटरचे वर्तुळ काढून त्यात कायदेशीर वाटेने पोहोचता येतील अशी टेकाडे, तळ्याचा पलीकडचा काठ, नदीचे वळण आणि लहान पूल शोधावेत.

यासाठी समोच्चरेषा, म्हणजे नकाशावर समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचता येणे आवश्यक आहे. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा असतो आणि दूर असतील तिथे पठार. कड्यालगतचे लहानसे पठार म्हणजे उभे राहायला जागा आणि समोर मोकळी दरी, अशी दुहेरी सोय होय. रेषांची टोके उताराच्या वरच्या दिशेला वळली असतील तर ती घळ असते, खालच्या दिशेला वळली असतील तर सोंड. सोंडेच्या टोकावरून दोन्ही बाजूंच्या दऱ्या दिसतात, हे लक्षात ठेवून सोंडा आधी तपासाव्यात.

जागा सापडली की ऊन तिथे केव्हा आणि कुठून पोहोचेल हे मोजावे. दिनदर्शिकेतली सूर्योदयाची वेळ सपाट क्षितिजासाठी असते. जागेच्या पूर्वेला एक किलोमीटरवर 300 मीटर उंच धार असेल, तर सूर्य सुमारे 17 अंश वर चढेपर्यंत ऊन तिथे पोहोचत नाही, आणि सूर्याला तेवढे चढायला एक तासाहून अधिक वेळ लागतो. तोवर सोनेरी प्रकाश ओसरलेला असतो. सूर्योदयाची दिशाही वर्षभर सरकते: 45 अक्षांशावर जून आणि डिसेंबर यांच्या सूर्योदयांमध्ये जवळजवळ 68 अंशांचे अंतर पडते, तर 20 अक्षांशावर सुमारे 50 अंशांचे. त्यामुळे इतरांनी उन्हाळ्यात पाहून ‘इथे प्रकाश येत नाही’ म्हणून सोडून दिलेली घळ हिवाळ्यात उजळू शकते. सूर्याचा दिगंश (उत्तरेपासून मोजलेली दिशा) दाखवणारी अॅप आणि त्रिमितीय भूदृश्य दाखवणारे नकाशे यांच्या मदतीने हे सारे घरी बसून तपासता येते.

उपग्रहचित्रांचा उपयोग छायाचित्रकार फारसा करत नाहीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रे कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. विषुववृत्तावरही साधारण दर पाच दिवसांनी नवे चित्र मिळते आणि त्यातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवरच्या दहा मीटरएवढा असतो. एवढ्या तपशिलात झाड दिसत नाही, पण बर्फ कुठवर उतरले आहे, तळ्यात पाणी आहे की चिखल, जंगलाचा रंग बदलू लागला आहे की नाही, हे नक्की दिसते. गेल्या तीन-चार वर्षांची त्याच पंधरवड्यातली चित्रे शेजारी ठेवून पाहिल्यास मिठाच्या मैदानावर पाण्याचा थर केव्हा साचतो याचा अंदाज बांधता येतो. सामान्य नकाशा-अॅपमधले उपग्रहचित्र मात्र कित्येक वर्षे जुने असू शकते. त्यातली पायवाट आज असेलच असे नाही.

वेळ बदलली की जागा बदलते

हंगामाच्या कडेचे दिवस, आठवड्यातले कामाचे दिवस, शाळांच्या सुट्ट्या टाळणे, हे सर्वांना ठाऊक असते. त्याहून उपयोगी म्हणजे लोक ज्या हवेत घराबाहेर पडत नाहीत त्या हवेचा अभ्यास. पाऊस घेऊन आलेली आघाडी (थंड आणि उबदार हवेमधली सीमा) पुढे सरकत असताना ढगांच्या फटींतून येणारा प्रकाश अर्धा-एक तासच टिकतो. तेव्हा जागेवर आधीपासून असणाऱ्यालाच तो मिळतो. पावसानंतर रात्री आकाश निरभ्र झाले आणि वारा पडला, की दऱ्यांमध्ये पहाटे धुके साचण्याची शक्यता वाढते आणि एरवी सामान्य वाटणारे टेकाड त्या धुक्यावर बेटासारखे उभे राहते. किनाऱ्यावर भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, त्यामुळे ओहोटीला पाणी नेहमीपेक्षा मागे हटते आणि एरवी न दिसणारे खडक व वाळूवरच्या लाटांच्या रेषा उघड्या पडतात. पण त्याच दिवसांत पाणी तितकेच वर चढते, म्हणून परतीची वाट किती वाजता बुडेल हे आधीच लिहून ठेवावे.

परवानगीचा प्रश्न

रिकामी जागा पुष्कळदा एखाद्या कारणाने रिकामी असते. ती खासगी असेल, संरक्षित असेल किंवा धोकादायक असेल. आइसलँडमधील फ्याद्रारग्ल्युवुर दरी 2015 मधल्या एका लोकप्रिय संगीतचित्रफितीनंतर गर्दीने तुडवली गेली आणि 2019 मध्ये वनस्पती वाचवण्यासाठी ती काही काळ बंद करावी लागली. कुंपण ओलांडून मिळवलेले चित्र विकाऊ नसते, एवढे व्यावहारिक कारणही थांबण्यास पुरेसे आहे.

व्यावसायिक वापराचे नियम तर आणखी काटेकोर असतात. ऑस्ट्रेलियातील उलुरू-काटा त्जुटा राष्ट्रीय उद्यानात व्यावसायिक छायाचित्रणाला परवाना लागतो आणि काही पवित्र स्थळांचे चित्रण करू नये अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ड्रोनवर 2014 पासून बंदी आहे. आयफेल टॉवरचे दिवसाचे चित्र विकता येते, पण रात्रीच्या रोषणाईवर स्वामित्वहक्क सांगितला जातो. ओळखू येणाऱ्या व्यक्तीसाठी मॉडेल रिलीज (त्या व्यक्तीची लेखी संमती) आणि ओळखू येणाऱ्या खासगी वास्तूसाठी प्रॉपर्टी रिलीज (मालकाची लेखी संमती) नसेल, तर चित्र केवळ संपादकीय वापरासाठी, म्हणजे जाहिरातीत नव्हे तर बातम्या-लेखांत वापरण्यासाठी, द्यावे लागते. निर्जन भूदृश्यात यातली बहुतेक कटकट उद्भवत नाही, हा आडवाटेला जाण्याचा एक अबोल फायदा.

प्रत्यक्ष जागेवर

पहिल्या भेटीत कॅमेरा शक्यतो पिशवीतच ठेवावा आणि भर दुपारी, प्रकाश वाईट असताना, फिरून पाहणी करावी. मोबाइलवर चौकटी टिपाव्यात, दिशा आणि स्थान नोंदवावे, अंधारात परतताना वाट कुठे फसवू शकते ते पाहून ठेवावे. प्रसिद्ध ठिकाणी पोहोचल्यास सगळे जिकडे पाहत आहेत त्याच्या उलट दिशेला एकदा तरी नीट पाहावे. सूर्यास्ताच्या वेळी तो प्रकाश ज्या कड्यावर पडतो, तो बहुधा सर्वांच्या पाठीमागे असतो. टेलिफोटो लेन्सने दूरच्या धारांचे थर जवळ आणल्यास नावाजलेल्या डोंगरातूनही अनोळखी चित्र निघते. मोबाइलचे जाळे नसलेल्या भागात जाताना नकाशे आधी उतरवून घ्यावेत आणि परतीची वेळ कोणाला तरी कळवावी. दौऱ्यात एखादा दिवस काहीच हाती न लागण्यासाठी राखून ठेवावा.

संग्रहात चित्र देताना प्रदेशाचे खरे नाव, भूरूप, ऋतू, हवामान आणि ओळख पटलेल्या झाडांची नावे लिहावीत; शोधशब्दांना (कीवर्ड) बहुतेक संग्रहांत 50 च्या आसपास मर्यादा असते, तेव्हा ‘सुंदर’ आणि ‘अप्रतिम’ यांवर ती उधळू नये. जागा नाजूक असेल तर फाइलमधले जीपीएस अक्षांश-रेखांश काढून टाकावेत. अमेरिकेतल्या जॅक्सन होल येथील पर्यटन मंडळाने 2018 मध्ये लोकांना नेमकी जागा टॅग न करण्याचे आवाहन केले होते, ते याच कारणासाठी. खरेदीदाराला खोऱ्याचे किंवा जिल्ह्याचे नाव पुरते. तळ्याकडे जाणारी पायवाट त्याला सांगावी लागत नाही.