पानं, गंज आणि गेरू: मिश्र माध्यमातलं चित्र कसं करावं

मिश्र माध्यम म्हणजे एकाच कागदावर शाई, रंग, चिकटकाम, ठसे असं सगळं एकत्र नांदवणं. नव्यानं सुरुवात करणारे बहुतेकजण वाळलेली पानं चिकटवतात, भोवती थोडा जलरंग फिरवतात आणि मनासारखं झालं नाही म्हणून हिरमुसतात. माझं ठाम मत आहे की पानाचा आकार बघण्याआधी त्याचे गुण बघावेत. ते डाग सोडतं का? लोखंड लागलं की काळं पडतं का? कुजल्यावर जाळी उरते का? प्रयोगाची खरी सामग्री तिथे आहे.

आधी शाई मुरत घाला

शाईला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं. काचेच्या बरणीत मूठभर गंजलेले खिळे टाका आणि ते बुडतील एवढं पांढरं व्हिनेगर ओता. झाकण सैलच ठेवा. आत वायू तयार होतो, घट्ट झाकणानं बरणीवर दाब येतो. आठवडाभरात पाणी तांबूस-तपकिरी झालं की फडक्यातून गाळून घ्या. हे झालं लोखंडाचं पाणी.

दुसरी बाजू हिरड्याची. काष्ठौषधींच्या दुकानातून ५० ग्रॅम हिरडे आणा, जाडसर कुटा आणि अर्धा लिटर पाण्यात घालून पाणी निम्मं होईपर्यंत उकळा. पातेलं जुनं, पुन्हा स्वयंपाकाला न लागणारं घ्या. लोखंडी कढई मात्र नको, काढा तिथेच काळा पडेल.

हा काढा कागदावर फिरवला तर जेमतेम पिवळट डाग दिसतो. तो ओला असतानाच लोखंडाच्या पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याचं टोक त्यावर टेकवा. टेकवल्या जागी लगेच काळं उमटतं, ओलाव्याबरोबर पसरत जातं आणि कडेला राखाडी-जांभळट होऊन थांबतं. हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड यांची ही करणी. कलमकारीतला (कलमानं कापडावर केलेल्या चित्रांतला) काळा रंगही याच तत्त्वावर होतो; तिथे गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवतात. एक काळजी घ्या: लोखंडाचं पाणी आम्लयुक्त असतं. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांची लोहयुक्त शाई काही ठिकाणी कागदच खाऊन बसली आहे. त्यामुळे हे पाणी पातळ करून आणि बेतानं वापरा.

गेरू आणि हळद

गेरू बारीक वाटून वस्त्रगाळ करा. बाभळीचा डिंक दुप्पट गरम पाण्यात विरघळवून त्यात गेरू कालवा. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो. हळदीचं पाणी पिवळं, त्यावर खायच्या सोड्याचं किंवा चुन्याचं पाणी लावलं की लाल. कुंकू हळदीपासूनच होतं, ते याच गुणामुळे. पण गेरू टिकतो आणि हळद उन्हात उडते. म्हणून चित्राचा मुख्य भार हळदीवर टाकू नका.

गेरूच्या जमिनीवर पांढरी रेघ हवी असेल तर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, थोडा डिंक घालून वापरा. ही वारली चित्रांची रीत. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, ती याच साध्या साहित्याच्या बळावर.

पानं गोळा करताना

गळालेलीच पानं उचला. वडा-पिंपळाची पानं पाण्यात बुडवून ठेवली की काही आठवड्यांत गर कुजतो. मग मऊ ब्रशनं हलकेच घासून जाळी सोडवायची. पाणी अधूनमधून बदला, वास फार येतो. रुईचा चीक डोळ्यांना घातक, बिब्ब्याच्या तेलानं अंगावर फोड येतात. या दोघांच्या वाटेला जाऊ नका. ओळख नसलेल्या झाडांचाही रस काढू नका.

नमुना-कागद

ही पायरी गाळू नका, सगळा प्रयोग इथेच होतो. चित्राच्याच कागदाची एक पट्टी कापा आणि प्रत्येक शाईचा ठिपका एकटा, मग दुसरीबरोबर, ओल्यावर आणि सुक्यावर असा टाका. शेजारी पेन्सिलनं लिहा: काय, किती पातळ, कशावर. पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्यानं झाकून आठवडाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. कोणता रंग दगा देणार, ते समोर दिसेल.

आता चित्र

कागद जाड हवा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) किंवा चांगला हातकागद. तो फळीवर चारही बाजूंनी कागदी चिकटपट्टीनं पक्का करा, नाहीतर ओला झाल्यावर फुगतो.

थरांचा क्रम महत्त्वाचा. पाण्याचं काम आधी, मेणाचं नंतर, कारण मेणावर पाणी ठरत नाही. मुद्दाम शाई अडवायची असेल तिथे मात्र मेण आधी घासा. हिरडा-लोखंडाचे डाग टाका आणि पूर्ण वाळू द्या. मग घासून घेतलेले ठसे. पान पातळ कागदाखाली पालथं ठेवा. शिरा खालच्या बाजूला उठून असतात. ताज्या पानातून रस निघतो, अगदी वाळलेलं मोडतं. अर्धवट सुकलेलं सर्वांत चांगलं. मेणखडू आडवा धरून, दाब न बदलता एकाच दिशेनं घासा. जर्मन चित्रकार माक्स एर्न्स्टनं १९२५ मध्ये लाकडी जमिनीच्या फळ्यांवर कागद ठेवून असंच घासलं आणि त्या रेषांमधून त्याला जंगलं, पक्षी दिसू लागले. तुम्हीही ठसा उमटल्यावर तो काय सुचवतो ते जरा वेळ बघा, मगच फाडून किंवा कापून चित्रात जागा द्या.

चिकटवायला पातळ केलेला फेव्हिकॉल पुरतो. मैद्याची खळ अधिक छान बसते, पण कसर लागते. पिंपळजाळी शेवटी, अगदी कमी गोंदानं लावा आणि वर बटर पेपर व वजन ठेवून रात्रभर दाबा. रेघकाम सगळ्यात शेवटी, आणि मोजकंच.

फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी राहू द्या. समोरून ऊन येणारी भिंत टाळा. पाठीमागे पेन्सिलनं तारीख आणि वापरलेल्या प्रत्येक शाईचं प्रमाण लिहा, आणि नमुना-कागदाची पट्टी पाकिटात घालून तिथेच लावून ठेवा.