ऑलिव्ह लावू की नीरफणस? वाडीवाल्यांसाठी पावसाळी सल्ला

मृग सरून आर्द्रा लागल्या की रोपं लावायची घाई सुरू होते, आणि हल्ली त्यात एक प्रश्न हमखास येतो की दादा, वाडीत ऑलिव्हची पाचपन्नास झाडं लावली तर कसं, तेल एवढं महाग विकलं जातंय. सरळच सांगतो, कोकणात आणि गोव्यात ऑलिव्हच्या नादाला लागू नका. त्यापेक्षा जाणत्या माणसाकडून नीरफणसाची (ब्रेडफ्रूट, ज्याची तळून कापं करतात तो) दोन चांगली रोपं आणा आणि याच पावसात लावून टाका.

कारण साधं आहे. ऑलिव्ह हे भूमध्य समुद्राकडचं झाड, तिकडे पाऊस पडतो थंडीत आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत, म्हणजे आपल्या बरोब्बर उलटं. त्याला फुलोरा यायला हिवाळ्यात काही आठवडे रात्रीचं तापमान 10 अंशांच्या खाली जावं लागतं. दापोलीत एखाद्या वर्षी तेवढा कडाका पडतो, नाही असं नाही, पण चार रात्री गारठा पडून भागत नाही, आणि पुढे जूनपासून तीन हजार मिलिमीटर पाऊस त्या मुळांवर कोसळणार. मुळाशी पाणी साचलं की ऑलिव्ह संपलंच. झाड जगलं तरी पानं दिसतील, फळ नाही. घाटावरची मंडळी म्हणतील आमच्याकडे निफाडला पारा बराच खाली जातो, खरं आहे, पण फुलोऱ्याच्या वेळेला तिकडे ऊन चाळिशीला टेकतं आणि काळ्या जमिनीत निचऱ्याची बोंब. हौस म्हणून कुंडीत एक ठेवा, पीक म्हणून नको.

राजस्थानात झालंय ना मग, असं लगेच कोणीतरी म्हणतं. झालंय, 2007-08 च्या सुमारास इस्रायलच्या मदतीनं तिकडे सरकारी फार्मवर लागवड सुरू झाली, बिकानेरकडे लूणकरणसरला तेल काढायचा कारखानाही उभा राहिला. पण तिकडची कोरडी हवा, वाळूची जमीन, ठिबकवरचं पाणी, थंडीतल्या बोचऱ्या रात्री, यातलं आपल्याकडे काय आहे? आणि एक सावधगिरी, इंडियन ऑलिव्ह किंवा सिलोन ऑलिव्ह म्हणून जे रोप मिळतं ते झाडच वेगळं. त्याला दमट हवा चालते, हिरवी आंबट फळं येतात, लोणचं बरं होतं, पण ऑलिव्हचं तेल त्यातून निघत नाही. रोप घेताना नाव नीट विचारून घ्या.

आता नीरफणस. हे मूळचं पॅसिफिकमधल्या बेटांचं झाड, त्याला उष्ण दमट हवा आणि भरपूर पाऊस लागतो, थंडीच सोसत नाही. म्हणजे आपली किनारपट्टी त्याला माहेरच. आपल्याकडच्या जातीला बी नसतं म्हणून रोप मुळाच्या फुटव्यापासून करतात. मोठ्या झाडाची जमिनीलगतची मुळं उघडी पडलेली असतात, त्यावर आत्ता कोयत्यानं हलकी जखम करून वर माती आणि पातेरा (सुका पालापाचोळा) ओढून ठेवा, तिथून फुटवा येतो, तो दीड-दोन फुटांचा झाला की दोन्ही बाजूंनी मूळ तोडा, पण फुटवा लगेच उपटू नका, दोन-तीन आठवडे तसाच राहू द्या म्हणजे स्वतःची मुळं धरतो, मग मातीच्या गड्ड्यासकट उचला. तयार रोप घेणार असाल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत चौकशी करा, किंवा ज्या झाडाची फळं खाल्लीयेत त्याच झाडाचा फुटवा मागा, ते सगळ्यात खात्रीचं.

खड्डा तीन फुटांचा, त्यात शेणखत, चांगली माती आणि वाळवीसाठी निंबोळी पेंड. दोन झाडांत 30 ते 40 फूट सोडा. कातळावर लावू नका, खोल माती आणि निचरा हवा, विहिरीजवळ किंवा पाटाच्या कडेला झकास येतं. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी आणि झावळांची सावली द्यायलाच लागते, रोपं मरतात ती इथेच, पावसात कोणाचं रोप मरत नाही. आणि घराच्या कौलांजवळ तर मुळीच नको, लाकूड ठिसूळ, फांदी कधी मोडेल सांगता येत नाही, 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडच्या बागा कशा आडव्या झाल्या ते आठवा. वाऱ्याच्या बाजूला आडोसा असेल अशी जागा बघा.

फुटव्याचं झाड साधारण चार-पाच वर्षांत फळतं. सुरुवातीला लांबट काठीसारखे नर फुलोरे गळून पडतात, ते बघून फळं गळाली म्हणून घाबरू नका. सततच्या पावसात फळांवर तपकिरी डाग पडून कूज आली तर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं), सुपारीच्या कोळे रोगाला म्हणजे फळगळीला मारतो तेच, उघडीप बघून मारा आणि कुजकी फळं झाडाखाली ठेवू नका.

काढणीत बरेच जण घाई करतात. सालीवरचे काटेरी उंचवटे सपाट झाले, हिरवा रंग पिवळसर पडला आणि सालीवर चिकाचे वाळलेले थेंब दिसले की फळ तयार. झेल्यानं (काठीला जाळी लावलेली असते त्यानं) देठासकट काढा, आपटू देऊ नका, देठ खाली करून चीक गळू द्या. नंतर दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, त्यामुळे गिऱ्हाईक आधी ठरवा मग काढा. घरी ठेवायचं तर पाण्यात बुडवून ठेवलं की थोडं जास्त टिकतं.

खाण्यात दोघांची तुलना करायची तर एक पोटभरीचं आणि दुसरं तेलाचं. नीरफणसाच्या 100 ग्रॅम गरात साधारण 27 ग्रॅम कार्बोहायड्रेट, फायबर आणि पोटॅशियमही चांगलं, म्हणजे डायबिटीसवाल्यांनी भाजी समजून ताटभर कापं खाऊ नयेत, तेवढा भात कमी करावा. ऑलिव्ह झाडावरून तोडून खाताच येत नाही, कडूजहर असतं, मिठाच्या पाण्यात मुरवल्यावर खाण्याजोगं होतं, म्हणून बरणीतल्या ऑलिव्हमध्ये मीठ फार, बीपी असेल तर बेतानं. तेल मात्र चांगलं, ते दुकानातून आणा.

कापं करताना हाताला नि सुरीला खोबरेल लावा, चीक चिकटत नाही. साल आणि मधला दांडा काढून पातळ कापं करून लगेच पाण्यात टाका नाहीतर काळी पडतात, मग मीठ, हळद, तिखट, थोडं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) चोळून तांदळाच्या पिठात रवा मिसळून घोळवायची आणि तव्यावर मंद आचेवर. आच मोठी केली तर वरून लाल आणि आत कच्ची राहतात. मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांकडून गणपतीत मागणी असते, झाडावर फळं उरली असतील तर आधीच फोन करून ठेवा.