ओईटी द्यायची आहे? आधी पत्र लिहायला शिका

मिरजेच्या वॉर्डात मी बारा वर्षं काढली. नर्स म्हणून इंग्लंडला जायचं ठरवून ओईटी, म्हणजे डॉक्टर-नर्सेससाठीची इंग्रजीची परीक्षा, दोनदा दिली, दुसऱ्यांदा निघाली. घरच्या अडचणीमुळे जाणं लांबलं, पण दर रविवारी आमच्या विश्रामबागच्या घरी चार-पाच सिस्टर अभ्यासाला येतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

आधी परीक्षा कोणती ते ठरवा. इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिक ही सर्वांसाठीची इंग्रजीची परीक्षा चालते आणि ओईटीही चालते. आयईएलटीएसला ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. ओईटीला त्या तिन्हींत बी, म्हणजे ३५०, आणि लेखनात सी प्लस, म्हणजे ३००. आयईएलटीएसमध्ये एखाद्या सामाजिक विषयावर २५० शब्दांचा निबंध लिहावा लागतो. ओईटीच्या लेखनात समोर पेशंटच्या केसनोट्स, म्हणजे केसची माहिती, असतात आणि त्यावरून पत्र लिहायचं असतं. फी जास्त आहे, तरीही मराठी शाळेतून आलेल्या आणि इंग्रजी मुख्यतः केसपेपरवरच वाचलेल्या पोरींना मी ओईटीच सांगते. जर्मनीला जायचं असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, तिथे जर्मन भाषाच शिकावी लागते.

आता पत्र. एकूण ४५ मिनिटं, त्यातली पहिली ५ नुसती वाचायची. पत्र साधारण १८० ते २०० शब्दांचं. पहिल्या वेळी मला यात २८० मिळाले, कारण केसनोट्समध्ये होतं नव्हतं ते सगळं मी पत्रात ओतलं. इंग्रजी चुकलं म्हणून गुण गेले नव्हते, हे कळायला मला सहा महिने लागले.

समजा केस अशी आहे: ६४ वर्षांच्या बाई, गुडघ्याचं ऑपरेशन, पाचव्या दिवशी डिस्चार्ज. मधुमेह आहे. कालपासून जखमेतून थोडा स्राव येतोय. घरी एकट्या, मुलगी आठवड्याने येणार. १९८८ साली अपेंडिक्स काढलेलं. वडिलांना ब्लडप्रेशर होतं. पत्र लिहायचंय घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला. ड्यूटी संपताना हँडओव्हर देताना तुम्ही तिला अपेंडिक्सचं सांगाल का? नाही सांगणार. स्राव कधीपासून, साखर किती, टाके कधी काढायचे, मुलगी येईपर्यंत घरात कुणी नाही, हे सांगाल. तेच पत्रात आलं पाहिजे. पण तेच पत्र भूलतज्ज्ञांना असतं, तर जुनं ऑपरेशन आणि तेव्हा भूल कशी मानवली, हे वर आलं असतं. वाचणारा बदलला की पत्र बदलतं.

पहिल्या दोन ओळींत पेशंट कोण आणि समोरच्याने नेमकं काय करायचं, हे आलंच पाहिजे. त्या उद्देशाला वेगळे गुण आहेत. नोट्समधली तुटक वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका, पूर्ण वाक्य करा.

सरावासाठी रोज एक डिस्चार्ज कार्ड मनात ठेवा (पेशंटचं नाव-गाव वॉर्डातच राहू द्या) आणि घरी त्याची तीन पत्रं लिहा: एक फॅमिली डॉक्टरांना, एक फिजिओथेरपिस्टना, एक घरी येणाऱ्या सिस्टरला. महिनाभर हे केलंत की हात आपोआप गाळायला लागतो.

बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. कार्ड वाचायला आधी थोडा वेळ देतात. समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो. इथे आपली वॉर्डातली सवय आड येते. ‘काही होत नाही काकू, घाबरू नका’ हे आपण मायेनेच म्हणतो, पण तिथे पेशंटची भीती ऐकून न घेता मिटवून टाकली असं धरलं जातं. तासगावकडची एक पोरगी सरावाला आली होती, इंग्रजी अगदी सफाईदार. मी इन्सुलिन नको म्हणणारी पेशंट झाले. तिने तीन मिनिटं इन्सुलिनचे फायदे सांगितले, मला तोंड उघडायलाच मिळालं नाही. दुसऱ्यांदा तिला म्हटलं, आधी विचार आणि मग थांब. तिने विचारलं, ‘तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?’ आणि गप्प बसली. मग मी म्हणाले, ‘माझ्या बहिणीला इन्सुलिन सुरू केलं आणि वर्षात तिचा पाय कापावा लागला.’ पुढचं सगळं बोलणं त्या एका उत्तरावर उभं राहिलं.

ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत एकदाच लागते. परीक्षा मूळची ऑस्ट्रेलियातली, त्यामुळे तिथले उच्चारही कानावर घालून ठेवा. वाचनाचा पहिला भाग १५ मिनिटांचा, चार उतारे आणि २० प्रश्न. उतारे पूर्ण वाचत बसू नका. प्रश्न बघा आणि उत्तर शोधा.

बुकिंग करताना नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच टाका. आपल्याकडे नर्सिंगची नोंदणी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असं बऱ्याचजणींचं असतं. परीक्षेच्या दिवशी पासपोर्टच दाखवावा लागतो, म्हणून नावाचा घोळ फी भरायच्या आधी मिटवा. मी पुण्याचं सेंटर घेतलं होतं आणि पहिल्या वेळी नाईट करून थेट गाडीत बसले. ऐकण्याच्या भागात डोळे मिटत होते. तुम्ही तसं करू नका. आदल्या रात्रीची नाईट महिनाभर आधीच इन्चार्ज सिस्टरशी बोलून बदलून घ्या.