फ्लॉरेन्सहून पिसाला रेल्वेने जाताय? या चुका टाळा

इटलीत फ्लॉरेन्स ते पिसा हा ‘रेजिओनाले’ म्हणजे प्रादेशिक गाडीने साधारण तासाभराचा प्रवास. तरीही ओळखीतलं कुणी ना कुणी त्यात अडकतंच, आणि कारणं दरवेळी तीच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फलकावर ‘पिसा’ शोधत बसणं. पुण्याचं एक ओळखीचं कुटुंब फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनात असंच उभं होतं. फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन ठळक लिहितात, आणि पिसावरून जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पुढे लिव्होर्नोपर्यंत जातात. ‘लिव्होर्नो चेंत्राले’ची गाडी समोरून गेली, नंतरची दुसरीही गेली. काका म्हणत राहिले, “आपल्याला लिव्होर्नोला कुठे जायचंय?” हेच काका ठाण्याहून कल्याणला जाताना कर्जत लोकल कधी सोडणार नाहीत! पिसाला दुपार उलटून गेल्यावर पोचले आणि मनोऱ्यावर चढायची ठरलेली वेळ हुकली, तिकिटाचे पैसेही गेले. त्यांना आदल्या रात्री गाडी बघून ठेवायला पाच मिनिटं काढायची नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटतं. मी गाडीचा नंबर, सुटायची वेळ आणि शेवटचं स्टेशन कागदावर लिहून खिशात ठेवतो. मोबाइलची बॅटरी नेमकी स्टेशनातच संपते. फलाटाचा नंबर अगदी शेवटी लागतो, म्हणून त्या वेळी फलकासमोरून हलायचं नाही, कॉफी आधी उरकायची. भिंतीवरचं छापील वेळापत्रक बघणार असाल तर पिवळा कागद सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा.

दुसरी चूक तिकिटाची. रेजिओनालेच्या तिकिटावर ठरावीक सीट नसते. कागदी तिकीट चढण्यापूर्वी स्टेशनातल्या यंत्रात घालून शिक्का मारायचा, तिथून पुढे त्याची चार तासांची मुदत सुरू होते. शिक्का नसेल तर तिकीट हातात असूनही दंड बसतो. मोबाइलवरच्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण गाडी सुटण्याआधी चेक-इन करावंच लागतं. “टीसी दिसला की करू” ही चलाखी मला अजिबात पटत नाही. यंत्र बंद असेल तर चढल्याबरोबर आपणच टीसीला गाठावं.

महिनाभर आधी तिकीट काढून काही स्वस्त पडत नाही. दर अंतरावर ठरतो, तेव्हा त्याची घाई नको. हेच तिकीट घेऊन वेगवान फ्रेच्चारोस्सात मात्र चढू नका.

उतरायचं कुठे? पिसा चेंत्रालेवरून मनोऱ्यापर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पिसा सान रोस्सोरे त्याहून बरंच जवळ आहे, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. जवळच्या लुक्का शहराहून येत असाल तर तिथेच उतरा.

आणि निघण्याच्या आदल्या दिवशी ‘शोपेरो’, म्हणजे संप, आहे का ते बघा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या सोडतात. परतीचा प्रवास त्यातच बसवा.