कोपर वाकतं तेव्हा कोण कोण राबतं? स्वतःच्या हातावर तपासा

स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून सांधा वाकवायला एक बाजू लागते आणि सरळ करायला दुसरी.

टेबलाशी बसा. उजवं कोपर काटकोनात ठेवा, तळहात टेबलाच्या खालच्या अंगाला लावा आणि वर रेटा. डाव्या हाताने दंड चाचपा. पुढची बेटकुळी, म्हणजे बायसेप्स, टणक लागेल. मागचा ट्रायसेप्स सैल. आता तळहात टेबलावर ठेवून खाली दाबा, उलट होईल. एकाला आखडायचा हुकूम सोडताना मज्जारज्जू दुसऱ्याला आवरतो. दोन्ही बाजू टणक लागल्या तर हात उगाच ताठ धरला आहे. जोर निम्मा करा.

पुन्हा वर रेटताना कोपराच्या खळगीत बोट दाबा. दोरीसारखी कंडरा, म्हणजे बायसेप्सला हाडाशी बांधणारा चिवट दोर, लागेल. ती सांध्यापासून जेमतेम ४ सेंटीमीटरवर रेडियस हाडाला, म्हणजे कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला, जोडलेली असते. तळहातावरचं वजन मात्र सुमारे ३५ सेंटीमीटरवर. त्यामुळे ५ किलो नुसते तोलून धरायला, हाताचं स्वतःचं वजन सोडूनही, जवळपास ४४ किलोंची ओढ लागते. सौदा तोट्याचा वाटतो, पण कंडरा १ सेंटीमीटर सरकली की तळहात जवळपास ९ सेंटीमीटर फिरतो. शरीराने इथे ताकद देऊन वेग घेतला आहे.

तळहात जमिनीकडे करून तेच वजन उचला. जड वाटेल. पंजा पालथा केला की रेडियस फिरते आणि बायसेप्सची पकड ढिली पडते. मग भार मुख्यतः त्याच्याखाली दडलेल्या ब्रेकिअ‍ॅलिसवर येतो. तो करंगळीच्या बाजूच्या, न फिरणाऱ्या अल्ना हाडाला जोडलेला असल्याने पंजा कसाही असो, त्याला फरक पडत नाही. बेटकुळीच्या कौतुकात हा बिचारा नेहमी मागे राहतो.

आता मूठ. कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला बोटं ठेवून मूठ घट्ट आवळा. बोटं मिटणारे स्नायू पुढच्या बाजूला असूनही मागचे टणक होतात. मिटणाऱ्या कंडरा मनगट ओलांडून जातात, त्यामुळे मनगटही वाकू पाहतं. मागचे स्नायू ते रोखून धरतात. खात्री करायची तर मनगट पूर्ण आत वाकवून मूठ आवळा. पकड दुबळी होते, कारण मिटणारे स्नायू आधीच आखूड झालेले असतात आणि मागचे ताणले जाऊन बोटं उघडू पाहतात. म्हणून घट्ट झाकण उघडताना मनगट किंचित मागे झुकलेलं ठेवा.